चित्र का अडखळते?

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, इतिहासाच्या मास्तरांना संगणकावरच्या खेळांत डोके घालण्याचे काय कारण? प्रश्न रास्त आहे. माझी उभी नोकरी शिवकाल आणि पेशवाई शिकवण्यात गेली. पण गेल्या जूनमध्ये माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्या प्रसंगाने मला या विषयाकडे ओढले. तो प्रसंग आधी सांगतो. मग त्याच्यामागचा इतिहास सांगतो, म्हणजे तो का सांगितला हे आपल्या ध्यानात येईल.

माझा भाचा बारावी झालेला. दोन वर्षे पैसे साठवून, निम्मे बापाकडून घेऊन, त्याने खेळांसाठी लागतो तसला ताकदीचा संगणक घेतला. खेळ तो खेळतोच. पण गावातल्या लग्नांच्या चित्रफिती जोडून देण्याचे कामही त्याच यंत्रावर करतो आणि चार पैसे मिळवतो. एके संध्याकाळी एकाएकी त्याचा खेळ अडखळू लागला. जिथे सेकंदाला साठ चित्रे दिसत, तिथे पंधरा दिसू लागली. तालुक्याच्या दुकानदाराने डबा न उघडताच निदान केले, "कार्ड गेलं. पंचवीस हजारांच्या घरात जाईल."

आता जून महिना म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. बियाणे घ्यायचे, खत घ्यायचे. दाजी म्हणाले, "पेरणी होऊ दे, मग बघू." पोराने घेतलेल्या लग्नाच्या कामांचे काय, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. ताईने मला बाजूला घेऊन विचारले, "बचत गटातून उचलू का रे पैसे?" मी म्हटले, "दोन दिवस थांब. मला बघू दे."

बघू दे म्हणालो खरे, पण बघायचे काय आणि कसे, हे कळायला मला या यंत्रांचा इतिहास चाळावा लागला. तो मोठा उद्बोधक निघाला.

पडद्यावरचे चित्र हलते असे आपण म्हणतो. वास्तविक ते कधीच हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रे झरझर दाखवली की आपली दृष्टी त्यांना जोडून घेते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती फ्रेमा दाखवल्या, तो त्या खेळाचा किंवा चित्रपटाचा वेग. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या, तेव्हा हा वेग सेकंदाला सुमारे सोळा होता. यंत्राचा दांडा माणूस हाताने फिरवी. त्याचा हात मंदावला की पडद्यावरची माणसेही मंदावत. पुढे बोलपट आले. आवाजाला एकच ठरीव गती लागते, नाहीतर माणूस घोगरा तरी बोलतो नाहीतर किरकिरा. म्हणून सेकंदाला चोवीस हा वेग पक्का झाला. १९३१ चा 'आलम आरा' आणि १९३२ चा आपला 'अयोध्येचा राजा' या जमान्यातले.

परंतु चित्रपट आणि संगणकाचा खेळ यांत एक मूलभूत फरक आहे. चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. यंत्राने ती फक्त पुढे सरकवायची. खेळातले चित्र मात्र आधी अस्तित्वातच नसते. खेळणाऱ्याने डावीकडे वळायचे ठरवले की डावीकडचा देखावा त्याच क्षणी नव्याने काढावा लागतो. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात हिशेबही करायचा आणि चित्रही रंगवायचे. काम वेळेत झाले नाही, तर जुनेच चित्र पडद्यावर रेंगाळते आणि आपण म्हणतो, खेळ अडकतोय.

१९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. तेव्हापासून खेळ रचणारा आणि यंत्राची शक्ती यांची ही ओढाताण चालूच आहे. तिचे सर्वांत गमतीचे उदाहरण १९७८ सालचे. जपानच्या टाइटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ केला. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी, ओळी करून खाली उतरणारे. यंत्रातला प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा मुख्य भाग, इतका बेताचा की तो एका फ्रेमला एकच आकृती हलवी. पंचावन्न शिल्लक असताना सगळ्यांची एक फेरी व्हायला जवळजवळ सेकंद लागे. खेळणाऱ्याने एकेक टिपत आणले, की उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते वेगाने धावत. शेवटचा तर भिरभिरतच सुटे! यंत्राचा हा दुबळेपणा निशिकादोंनी तसाच ठेवला, कारण त्यामुळे खेळाला रंग चढत होता. पण आपल्या कामाचा धडा असा की, वेग हा नेहमी ओझ्यावर ठरतो. तो बदलला म्हणजे एक तर ओझे बदलले, नाहीतर उचलणाऱ्याची ताकद बदलली.

सुरुवातीच्या घरगुती संगणकांत हे उचलणारे खांदे एकाच गड्याचे होते. १९८१ च्या आयबीएम संगणकाचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाचा होता आणि पुष्कळ खेळ त्याच वेगाचा हिशेब धरून लिहिले जात. पुढे यंत्रे वेगवान झाली तेव्हा ते खेळ आवरेनासे धावू लागले. मग संगणकाच्या डब्यावर 'टर्बो' नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण त्याचा खरा उपयोग यंत्राला मुद्दाम हळू करण्याचा! १९९३ सालचा 'डूम' हा गाजलेला खेळही सारे चित्र मुख्य प्रोसेसरकडूनच काढून घेई आणि सेकंदाला पस्तीस फ्रेमांच्या वर जातच नसे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'व्हूडू' हे कार्ड आले आणि चित्र रंगवण्याचे काम वेगळ्या गड्याकडे सोपवण्याची रीत घरोघर पोचली. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' आणले, आणि ही कामाची वाटणी पक्की झाली.

ही वाटणी नीट समजून घ्यावी, कारण निदानाची पहिली किल्ली इथेच आहे. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. चुलीपाशी आचारी असतो आणि पानांपाशी वाढपी. प्रोसेसर हा आचारी, कार्ड हा वाढपी. पंगत खोळंबली की पाहुणे वाढप्यावर ओरडतात, कारण तोच डोळ्यांसमोर असतो. पण पोळ्याच तयार होत नसतील तर वाढप्याने करावे काय? दहा वाढपी नवे आणले तरी पंगत हलणार नाही.

आता दुसरी गोष्ट, उष्णतेची. रॉबर्ट डेनार्ड या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ साली दाखवून दिले होते की, प्रोसेसरमधले सूक्ष्म भाग जसजसे लहान करावेत, तसतशी प्रत्येकाला लागणारी वीजही कमी होते. म्हणून तेवढ्याच जागेत जास्त भाग बसवले तरी उष्णता वाढत नाही. या जोरावर तीस वर्षे वेग वाढत गेला. पुढे ही सवलत संपली. २००४ च्या मे महिन्यात इंटेलने आपला 'तेजस' नावाचा आगामी प्रोसेसर रद्द केला आणि एकाच गाभ्याचा वेग वाढवत नेण्याऐवजी दोन-दोन गाभे घालण्याकडे मोर्चा वळवला. वेगाच्या वाटेत उष्णता आडवी आली होती.

या सुमाराचा एक प्रयोग माझ्या फार उपयोगी पडला. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकांची परीक्षणे करणाऱ्या मंडळींनी, 'क्वेक थ्री' हा खेळ चालू असतानाच, प्रोसेसरवरचा थंडावा देणारा धातूचा ठोकळा उचलून काढला. एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरचा क्षणार्धात धूर निघाला आणि तो कायमचा निकामी झाला. इंटेलच्या पेंटियम फोरवरचा खेळ मात्र एकदम रखडू लागला. पण बंद पडला नाही. ठोकळा परत ठेवताच पूर्वीच्या वेगाने धावू लागला. त्या प्रोसेसरला आपला ताप मोजता येत होता. ताप वाढताच त्याने स्वतःच आपली गती उतरवली आणि जीव वाचवला. ही सोय आज सर्वच प्रोसेसरांत आणि कार्डांत असते. उन्हाच्या तिरपेत बैल पाय ओढू लागला की जाणता शेतकरी त्याला चाबूक मारत नाही, सावलीला नेतो. यंत्राचेही असेच असते. एकाएकी आलेला मंदपणा पुष्कळदा यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला असतो.

कधी दोष धातूत नसून आज्ञावलीत असतो, हेही खरे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपल्या कार्डांची १९६.७५ क्रमांकाची चालक-आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, मागे घ्यावी लागली. तिच्यामुळे काही कार्डांचे पंखे गरजेप्रमाणे वेग घेत नव्हते. म्हणून "कालच अपडेट केलं आणि आज बिघडलं" ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. परंतु तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. का, ते पुढे सांगतो.

आणखी एक. वेग सांगणारा आकडा सरासरीचा असतो, आणि सरासरी फसवते. हंगामाचा पाऊस सरासरीइतका पडला, पण ऑगस्टात तीन आठवडे उघडीप पडली, तर पीक हातचे जाते, हे आपण अनुभवाने जाणता. खेळाचेही तसेच आहे. सेकंदाला साठ फ्रेमा भरल्या, पण त्यांतली एकच फ्रेम पाव सेकंद रखडली, तर डोळ्याला धक्का बसतोच. २०११ साली स्कॉट वॅसन या परीक्षकाने सेकंदाची सरासरी सोडून एकेका फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून परीक्षणाची रीत बदलली. तेव्हा तक्रार ऐकताना आधी विचारावे, खेळ सतत मंद आहे की मधूनमधून गचके देतो? दोन्हींची कारणे बहुधा वेगळी असतात. गचक्यांचा शोध डिस्कपासून, मेमरीपासून किंवा पाठीमागे चाललेल्या दुसऱ्या कामापासून सुरू करावा.

बरं, आता ताईच्या घरी परत जाऊ.

इतिहासाचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो, केव्हा? मी भाच्याला विचारले, "कधीपासून?" तो म्हणाला, "परवापासून, मामा." "परवा काय झालं?" "परवा अपडेट आलं होतं."

झाले! कारण सापडले म्हणून मी हुरळून गेलो. आम्ही ती आज्ञावली काढली, जुनी घातली, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. खेळ होता तिथेच. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली म्हणून पहिली तिचे कारण ठरत नाही, हे मी वीस वर्षे पोरांना शिकवतो, आणि वेळ आली तेव्हा स्वतःच विसरलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती.

मग पंगतीची युक्ती केली. खेळातल्या चित्राची बारकाई, ज्याला रिझोल्यूशन म्हणतात, ती निम्म्यावर आणली. त्याने वाढप्याचे, म्हणजे कार्डाचे काम हलके होते. कार्ड दमले असते तर वेग वाढला असता. तो पंधराचा सोळाही झाला नाही. याचा अर्थ, खोळंबा चुलीपाशी होता. दुकानदाराचे पंचवीस हजारांचे निदान इथेच डळमळले.

प्रोसेसरचा ताप दाखवणारी आज्ञावली लावली. ताप शंभर अंशांना टेकला होता आणि चार गिगाहर्ट्झने धावणारा तो प्रोसेसर एकाच्याही खाली उतरून कसाबसा पाय ओढत होता. २००१ चा तो प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पण इथे ठोकळा कोणी काढला?

उत्तर स्वयंपाकघरातून आले. ताई भाकरी थापता थापता म्हणाली, "अरे, परवाच माडीवरचा पत्रा गळाया लागला, म्हणून ते धूड आम्ही दोघांनी उचलून खाली आणलं. जिन्यात थोडं आपटलं बघ."

श्रोतेहो, मी लाजलो. दप्तरात ज्यांचे नाव नसते त्या माणसांना विचारायचे आम्हा इतिहासवाल्यांकडून राहून जाते. घरातली घडामोड जिला सगळ्यांत जास्त ठाऊक, तिला संगणकातले काय कळते असे धरून तिघा पुरुषांपैकी एकानेही विचारले नव्हते.

वीज बंद केली, वायर काढली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो उघडला. प्रोसेसरवरचा पंखा आणि ठोकळा प्लास्टिकच्या चार पायांवर बसवलेले असतात. त्यांतला एक पाय आपल्या भोकातून सुटून वर आला होता. ठोकळा एका बाजूने केसभर उचलला गेला होता. एवढे पुरे होते. शिवाय पंख्यात दोन वर्षांची धूळ होती आणि डबा भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसवलेला, गरम हवा जायला वाट नाही. धूळ हलक्या हाताने झाडली. प्रोसेसर आणि ठोकळ्याच्या मध्ये लावायच्या लेपाची, म्हणजे थर्मल पेस्टची, शे-दोनशे रुपयांची नळी आणली, जुना लेप पुसून नवा लावला आणि चारही पाय टक् असा आवाज येईतो दाबले. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. ताप सत्तर अंशांच्या आसपास स्थिरावला. खेळ सेकंदाला साठ फ्रेमांवर आला. भाचा ओरडला, "मामा, कार्डाला तर काहीच झालं नव्हतं!"

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे दहा गिऱ्हाइके उभी असतात. पण आपल्या घरचा इतिहास त्याला ठाऊक नसतो. तो आपणच जमवून द्यावा लागतो.

म्हणून विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना सांगतो, कारण शाळेतले संगणकही असेच "जुने झाले" म्हणून कुलपात जातात. घाई न करता क्रमाने चाला. आधी तारीख ठरवा आणि त्या दिवसाच्या आसपास काय काय घडले ते घरातल्या, शाळेतल्या प्रत्येकाला विचारा, शिपायालासुद्धा. जागा बदलली का, वायर काढून लावली का, वीज गेली-आली का, उन्हाळा चढला का? मग साध्या गोष्टी पहा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला आहे ना? वीज वाचवण्याची सोय चुकून चालू झालेली नाही ना? पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत आहे, की चुकून मदरबोर्डाच्या? तसे झाले तर कार्ड बिचारे रिकामे बसते. खेळातच वेगाची मर्यादा घातलेली नाही ना? त्यानंतर टास्क मॅनेजर उघडून पाठीमागे दुसरे कोणी ताकद खात आहे का ते पहा. अपडेट उतरत असेल, विषाणूंची तपासणी चालू असेल, डिस्क काठोकाठ भरली असेल. मग चित्राची बारकाई उतरवून पहा: वेग वाढला तर ओझे कार्डावर, न वाढला तर शोध दुसरीकडे. मग ताप मोजा. आज्ञावल्या बदलायच्या त्या शेवटी, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. आणि वीज पुरवणारी जी पेटी डब्यात असते, ती मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज साठून राहते.

एवढे करूनही कार्ड खरोखरच गेलेले निघेल, असेही होते. पण मग आपण पैसे खर्च करू ते समजून-उमजून.

असो. त्याच आठवड्यात मृगाचा पाऊस चांगला झाला, दाजींची पेरणी वेळेवर उरकली आणि बचत गटाकडे जाण्याची वेळ आली नाही. निघताना मी भाच्याला एक वही दिली आणि म्हटले, "पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्द असायची, रोजच्या रोज नोंद. यंत्राला काहीही केलंस की तारीख घालून यात लिही." मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ती वही टेबलाला सुतळीने बांधलेली दिसली. मी पहिले पान उघडले. त्यावर तारीख होती आणि खाली लिहिले होते: "पत्रा गळाला. संगणक माडीवरून खाली आणला. जिन्यात आपटला. माहिती देणार: आई."